बिनधुराचं घर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. महिना पौषाचा, वेळ सकाळची, ऊन अजून डोंगराच्या पलीकडंच. वाडग्यासारख्या खोल खोऱ्यात एक गाव होतं. त्या गावाच्या खालच्या आळीला, अगदी टोकाच्या घराच्या छपरातून त्या सकाळी धूर निघत नव्हता.

घडलं होतं ते एवढंच. पण थोड्याच वेळात त्या घरासमोर बायका जमल्या. कोणी पिठल्याचं पातेलं आणलं होतं, कोणी टोपलीभर भाकरी. पुरुष चार पावलं मागं उभे राहून, तिरडीचे बांबू कोणी आणायचे याची कुजबुज करत होते. शेजारणीनं तर दारातच हंबरडा फोडला.

"अगं बाई गं! कोण गेलं गं?"

दार उघडलं. आत घरची बाई उभी होती. तिच्या कडेवर तिची मुलगी.

"कोणी गेलं नाही, अक्का."

"मग धनी कुठंय तुझा?"

"गोठ्यात. शेळीचं दूध काढतोय."

"आणि पोर?"

"ही काय, डोळ्यांसमोर आहे की तुमच्या. तुमच्या भाकरीवर नजर आहे तिची."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. शेजारणीनं पदरानं डोळे पुसले आणि मग तिला राग आला. रडायला जावं आणि कोणी मेलेलंच नाही असं कळावं, तर माणसाला बरं वाटायला हवं. त्या गावात राग यायचा.

"मग आगटी कशी विझली?"

"विझली नाही, अक्का. मी विझवली."

हे ऐकल्यावर बायका पिठल्याच्या पातेल्यासकट मागं सरकल्या.

त्या मुलीचं नाव ठकू. या गोष्टीत नाव आहे ते तिला एकटीला. बाकीच्यांची नावं सांगून उपयोग नाही. विचारायला गेलं तर ते म्हणतील, तो मी नव्हेच.

आता त्या गावाची रीत ऐका. खोऱ्यात थंडी मोठी. प्रत्येक घराच्या माजघरात जमिनीत खणलेली एक आगटी असायची. स्वयंपाक तिच्यावर, आणि हिवाळाभर घराला ऊबही तिचीच. ती कधी विझू द्यायची नाही. विझवायची ती एकाच कारणासाठी: घरात कोणी मेलं तर. मग सुतक फिटेपर्यंत त्या घराची आगटी थंड, आणि त्याच्या सगळ्या भावकीचीही थंड. शेजारपाजारचे लोक रांधलेलं आणून घालत.

रीत वाईट नव्हती. दुःखात बुडालेल्या माणसाला फुंकणी हातात धरायला लागू नये, म्हणून कोण्या भल्या पूर्वजानं ती घातली असेल. पण रीतीला फाटे फुटतात. धूर नाही म्हणजे मरण, असं एकदा ठरल्यावर, धूर दाट म्हणजे आयुष्य दाट, असंही ठरून गेलं. मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी छपराकडं बघत, मग नवऱ्या मुलाकडं. ज्याच्या घराचा धूर पातळ, त्याच्या पोराला बायको मिळेना.

दुसरा फाटा याहून वाईट. वाळलेलं लाकूड म्हणजे मेलेलं लाकूड, ते चितेला. जित्या माणसांच्या घरात जितंच लाकूड जळलं पाहिजे. म्हणून गाव उभं हिरवं झाड तोडायचं आणि त्याचा चीक गळत असतानाच ते आगटीत घालायचं.

ओलं लाकूड काय करतं, हे ज्यानं एकदा फुंकून बघितलंय त्याला सांगायला नको. ते फुसफुसतं, पाणी सोडतं, ढगासारखा धूर ओकतं आणि ऊब देताना हात आखडता घेतं. ऊब कमी म्हणून लाकूड जास्त. लाकूड जास्त म्हणून कुऱ्हाडी जास्त. म्हाताऱ्यांच्या लहानपणी हिरड्याचं रान परड्यापर्यंत आलेलं होतं. आता लाकडाला गेलेला माणूस पहाटे निघाला तर ऊन कलल्यावर परतायचा. उतारावर झाडं नव्हती, खुंट होते. पावसाळ्यात त्या उघड्या उताराची माती ओढ्यात येई, आणि उन्हाळ्यात तोच ओढा कोरडा पडे. गाव म्हणे, पाऊसच पूर्वीचा राहिला नाही.

घरात तर काय सांगावं! कढीला धुराचा वास, गोधडीला धुराचा वास, तान्ह्या पोराच्या टाळूला धुराचा वास. बायकांचे डोळे बारमाही लाल. नव्या सुनेला सासू सांगायची, "पहिला हिवाळा डोळे गळतात, मग सवय होते." सवय झाली म्हणजे त्रास संपला असं नाही. त्रास बोलून दाखवणं संपलं, एवढंच.

ठकूला ती सवय झाली नाही. थंडी पडली की तिची छाती शीळ घालायची. रात्र रात्र ती बसून काढायची, कारण आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. वैदूनं काढे दिले, भगतानं अंगारा दिला. अंगाराही आगटीतल्याच राखेचा.

मग यंदा थंडी पडायला लागली आणि ठकूचा आजा गेला. घराची आगटी विझली. सुतकाच्या त्या दिवसांत ठकू आडवी झोपली. शांत झोपली. आई दचकून उठायची आणि नाकाशी बोट धरून बघायची, पोर जिवंत आहे ना. सुतक फिटलं, आगटी पेटली, आणि शीळ परत सुरू झाली.

यात कळायला अवघड असं काय होतं? काहीच नव्हतं. प्रत्येक घरात कधी ना कधी मयत झालं होतं, प्रत्येक घरानं सुतकात बरा श्वास घेतला होता. पण रडणाऱ्या माणसाला आपण बरा श्वास घेतोय हे ध्यानात येत नाही. त्या आईच्या ध्यानात आलं. म्हणून पौषातल्या त्या सकाळी तिनं आगटीत पाणी ओतलं.

थंडीचं काय, तर तिनं त्याचीही वाट काढली होती. शेळ्या माजघरात घेतल्या, खाली भाताचा पेंढा अंथरला. दुपारी अंगणात वाळक्या काटक्यांचा छोटासा जाळ करायची, त्यावरच भाकरी-कालवण उरकायची आणि त्यातच ओढ्यातले गोटे तापवायची. ते गोटे फडक्यात गुंडाळून अंथरुणात ठेवले की पहाटेपर्यंत कोमट राहत. धूर जवळजवळ नाही, आणि लाकूड म्हणाल तर वाऱ्यानं पडलेल्या काटक्या. त्यासाठी कुऱ्हाडही लागत नव्हती.

गावानं ते बघितलं. काटक्या वाळलेल्या आहेत हे आधी बघितलं.

"अगं, अंगणात कोणाची चिता रचलीस?" कुंपणावरून शेजारणीनं विचारलं.

"गोट्यांची, अक्का. चांगले भाजले की तुम्हालाही देते दोन."

"जीभ आवर. जित्या पोरीच्या उशाशी चितेचा दगड ठेवतेस, आई आहेस का कोण?"

"पोर निजते त्यानं. तुमच्या बाळाच्याही उशाशी ठेवून बघा. त्याचाही आवाज येतो मला रात्रीचा."

शेजारीण कुंपणावरून मागं सरली. तिचं बाळ खरंच खोकत होतं. पण थोड्या वेळानं ती तरातरा पाटलाच्या घराकडं गेली. माणसाला खरं बोललेलं टोचलं, की तो बहुतेक वेळा पाटलाकडंच जातो.

पाटलाच्या घराचा धूर गावात सगळ्यात दाट. त्याच्या वाटेचं लाकूड वाहायलाच गावचे निम्मे तरणे गडी लागत. त्यानं शेजारणीचं ऐकून घेतलं आणि पंचायत बोलवायचं ठरवलं. ती बाई गेली, तेव्हा त्याच्या परसातल्या दगडी गडग्यावर एक गिधाड येऊन बसलं. थकलेलं, मानेवरची पिसं झडलेलं. त्या काळी जनावरं बोलत आणि माणसं ऐकत. ऐकून पुढं काय करत, ते वेगळं.

"पाटील, जरा बोलायचंय," गिधाड म्हणालं.

"तुझं माझ्या दारात काय काम? अपशकुनी मेलं! ऊठ आधी."

"उठतो. पण परवा तुम्ही तुमचा बैल गावाबाहेर टाकलात. आम्ही तो फाडला. बैल तरणा होता, पाटील. वाघानं मारला नव्हता, सापाचं पान लागलं नव्हतं. मग मेला कशानं, म्हणून मी आत बघितलं. फुप्फुस काळं होतं. आगटीवरच्या मडक्यासारखं काळं. आमच्यातल्या एकानंही त्याला चोच लावली नाही. आम्ही गिधाडं आहोत, हे ध्यानात घ्या."

पाटील हसला. "मग मी काय करू? बैलासाठी श्राद्ध घालू?"

"तो गोठ्यात बांधलेला होता. गोठा आणि माजघर यांच्यात भिंत एकच. बैल ज्या हवेत श्वास घेत होता त्याच हवेत तुमची माणसं घेतात."

"धूर वर जातो. आभाळ काय लहान आहे?"

"खालून तसं वाटतं. मी वरून बघतो. थंडीत गार हवा खोऱ्यावर झाकणासारखी बसते. धूर त्या झाकणाला लागतो आणि मागं फिरतो. तुमचं गाव वरून दिसतच नाही. झाकण घातलेलं पातेलं दिसतं. डोंगरावरचा मेंढवाडा मात्र झाकणाच्या वर आहे. तिथून पुढं आभाळ निळं आहे."

"तुला बरी आमची काळजी! माणसं मेली तर तुझं पोटच भरेल."

"आम्हाला माणूस मिळत नाही, पाटील. तुम्ही त्याला जाळता. त्यालाही लाकूडच लागतं." गिधाड पंख उचलून म्हणालं, "ज्याचं पोट मरणावर चालतं तोसुद्धा तुम्हाला पुरे म्हणतोय. याहून जास्त काय सांगू?"

ते उडून गेलं. पाटील उठून घरात गेला. आत त्याची सून तान्ह्याला पाजत बसली होती.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पंचायत बसली. ठकूची आई उभी राहिली, नवरा तिच्यामागं, मान खाली घालून. त्याचा आजा कुठूनसा येऊन या गावात राहिला होता. गावात त्यांची भावकी नव्हती. एवढ्या मोठ्या गावात एकच घर त्यांचं.

"गावाला अपशकुन करतेस, हे मान्य आहे का?" पाटलानं विचारलं.

"मी आगटी विझवली हे मान्य आहे."

"थंडीनं पोर मारशील."

"पाटील, सुतकात आपण सगळेच बिनआगटीचे निजतो. गारठ्यानं कोण मेलं आजवर? एक नाव सांगा."

एक म्हातारा म्हणाला, "मरत नाही गं कोणी, पण माझे गुडघे विचार."

"गुडघे दुखतात, मामा. माझ्या पोरीचा श्वास अडतो. दोन्हींत फरक आहे."

"तुझ्या एका पोरीसाठी सगळ्या गावानं रीत सोडायची का?" पाटील म्हणाला.

"रीत सोडू नका. आगटीही विझवू नका, हवं तर. लाकूड तेवढं वाळवा. पडलेलं आणा, उन्हाळाभर उन्हात टाका. धूर कमी होईल, ऊब वाढेल, उतारावर झाड उभं राहील. माझ्या अंगणात येऊन बघा. मूठभर काटक्यांत—"

"म्हणजे जित्या माणसांनी चितेचं लाकूड शेकायचं!"

मग एकच गलका झाला. म्हातारा गुडघे विसरून उभा राहिला. कोणी म्हणालं, हिच्या घराण्याचा पत्ता तरी कोणाला ठाऊक आहे? कोणी म्हणालं, सासरा गेला तेव्हापासून हिचं डोकं फिरलंय. जिचं म्हणणं खोडता येत नाही तिचं घराणं काढायचं, ही चाल फार जुनी आहे.

निवाडा झाला. संध्याकाळपर्यंत त्या घराच्या छपरावर ओल्या लाकडाचा धूर दिसला पाहिजे. नाही दिसला तर गावच्या विहिरीचं पाणी बंद, आणि त्या घरात कोणी मेलं तर खांदा द्यायला गाव येणार नाही.

ऊन उतरायच्या वेळेला नवरा जांभळीचा एक ओला ओंडका खांद्यावर घेऊन आला. तो दारात टेकवून उभा राहिला.

"बाहेरच ठेव तो," बायको म्हणाली.

"पाणी बंद करतील."

"ओढा आहे."

"ओढा उन्हाळ्यात आटतो. ठाऊक आहे तुला."

"का आटतो तेही ठाऊक आहे. तू खांद्यावर काय घेऊन आलायस बघ जरा."

तो खाली बसला. "हे बघ, मी भांडून थकलोय. मला गावात एक चुलतभाऊ नाही. उद्या मीच मेलो तर तू मला कसा नेणार आहेस? पाय धरून ओढत?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग पेंढ्यावर बसून एका शेळीच्या कानाशी काहीतरी बोलणाऱ्या ठकूकडं बघितलं. शेवटी तिनं स्वतःच तो ओंडका ओढत आत नेला.

छपरातून धुराचा लोट निघाला तेव्हा आळीतली पोरं टाळ्या पिटत नाचली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "बघ बाई, घर कसं नांदतं दिसतंय आता!" ठकूची शीळ त्या रात्रीच सुरू झाली.

आणि मग वारा पडला. झाडाचं पान हलेना. हलायला पानही फारसं उरलं नव्हतं. दिवसामागून दिवस धूर छपरांवरून खाली उतरून गल्ल्यांत बसून राहिला. दुपारी दिवे लावायची पाळी आली. गाव म्हणालं, यंदा धुकं फार.

आधी शेजारणीचं बाळ गेलं. गाव म्हणालं, दृष्ट लागली. मग गुडघेदुखीचा तो म्हातारा गेला. गाव म्हणालं, वय झालं होतं. मग एक बाळंतीण गेली, आणि गाव म्हणालं, बाळंतपण म्हणजे दुसरा जन्मच. तिन्ही मयतं खोकत खोकत झाली होती. पण मरणाला तीन वेगवेगळी कारणं मिळाली की चौथं, खरं कारण कोणी शोधत नाही.

तिघे तीन वेगवेगळ्या भावक्यांतले. त्या गावात मोठ्या भावक्याच तीन. रीतीप्रमाणे एकेका भावकीच्या आगट्या विझत गेल्या, आणि जवळजवळ सगळं गाव थंड झालं; उरलेली चार घरं सगळ्यांपुरतं रांधत. ठकूच्या आईनंही आपली आगटी विझवली. गावच सुतकात, तिला कोण जाब विचारणार?

दोन-तीन दिवसांत आभाळ उघडलं. पोरांनी बोटं दाखवायला सुरुवात केली. खोऱ्याच्या पलीकडं एक कडा होता, उंच, तांबूस, उन्हात झळकणारा. हिवाळ्यात तो कधी कोणी बघितलाच नव्हता. रात्र रात्र खोकणारे म्हातारे सलग झोपू लागले. गारठ्यानं अंग आखडे, दात वाजत. पण मेलं कोणी नाही.

सगळ्यांनी बघितलं. बोललं कोणी नाही. सुतकात बरं वाटतंय, असं कोण बोलणार?

ओढ्यावर धुणं धुताना शेजारीण ठकूच्या आईच्या शेजारी येऊन बसली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "बाई गं, माझी थोरली कालपासून खोकली नाही."

"ठकूही नाही, अक्का."

"कोणाला सांगू नकोस."

"का?"

शेजारणीनं धुणं दगडावर आपटलं, एकदा, दोनदा. मग तिचा हात थांबला. "माझं बाळ गेलं आणि घरातल्या बाकीच्यांना बरं वाटतंय. हे कोणत्या तोंडानं सांगू? लोक म्हणतील, बया सुतकावर खूश आहे."

"तुमचं बाळ गेलं म्हणूनच सांगायचं, अक्का. उद्या मी चावडीवर बोलणार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

शेजारणीनं मान हलवली. ती होकाराची होती, असं ठकूच्या आईला वाटलं.

तिन्ही भावक्या शेवटचं सुतक फिटेपर्यंत थांबल्या होत्या. ते फिटलं तो दिवस. अंघोळी करून, ओल्या डोक्यांनी गाव चावडीवर जमलं. आगट्या एकाच वेळी पेटवायच्या होत्या. घराघरासमोर ओल्या ओंडक्यांच्या राशी लागल्या होत्या. ठकूची आई पुढं झाली.

"मी भाषण करायला आलेली नाही. एवढंच विचारते. तो पलीकडचा कडा कोणाकोणाला दिसतोय?"

तो सगळ्यांनाच दिसत होता. कोणी मान वळवली नाही.

"या दिवसांत कोणाचा खोकला कमी झाला? एकानं तरी बोला. मी एकटीनं म्हटलं तर वेडी ठरते. दोघींनी म्हटलं तर निदान विचार तरी कराल."

तिनं शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती जमिनीकडं बघू लागली. तिच्या पायाशी तिची थोरली उभी होती. तीही आईचं बघून जमिनीकडं बघू लागली.

पाटील उठला. त्याचा आवाज मऊ होता. असल्या वेळी तो नेहमी मऊच असतो. "पोरी, तुझं दुःख कळतं. पण मेलेली माणसं आपल्या घराच्या धुराकडं बघत असतात. सुतक फिटूनही धूर दिसला नाही, तर त्यांना वाटेल आपल्यामागं घरच उरलं नाही. त्यांचा जीव अडकून राहील. मेलेल्यांना असं अडकवून ठेवायचं का?"

"आणि जित्यांचा जीव?" ती म्हणाली.

पण तोवर पोरं पलिते घेऊन पळाली होती.

सुतकानंतरचा जाळ रीतीनं नेहमीपेक्षा मोठा करायचा असतो. तसाच केला. दिवस मावळायच्या आत कडा दिसेनासा झाला. मग डोंगर दिसेनात, मग समोरचं घर. आईनं पोरीला उचललं आणि वरच्या रानाची वाट धरली. पण वेशीशी गडी उभे होते. सुतक फिटल्या दिवशी कोणी गाव सोडायचं नसतं, तीही एक रीतच. त्यांनी तिला हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसते वाटेत उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, सकाळी जा की. आम्ही काय अडवतोय?"

सकाळी जायचं कारण उरलं नाही. ठकू आईच्या मांडीवर, बसल्या बसल्याच गेली. आडवं व्हायला तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

गावानं दिलेला शब्द पाळला. आगटी पेटवली होती म्हणून खांदा दिला. वाळलेलं लाकूड दिलं, चांगलं, उन्हात कडकडीत वाळवलेलं; चिता झरझर पेटली आणि तिचा धूर म्हणाल तर नावालाच. बाप तिच्याकडं बघत राहिला. घरी आल्यावर त्यानं कुऱ्हाडीचा दांडा काढून पातं ओढ्यात टाकलं. त्यानं काय होणार होतं? पण त्याला दुसरं काही सुचलं नाही.

शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन आली. दारात तिच्यानं रडवेना.

"आत ठेवा, अक्का," ठकूची आई म्हणाली. "आणि जाताना वर बघून जा. आमची भावकी नाही. एकच आगटी विझलीय. एका घराच्या सुतकानं आभाळ उघडत नाही."

शेजारणीनं वर बघितलं. वर काही नव्हतं.

त्या नवराबायकोनं पुढं गाव सोडलं. पावसाळ्यात उताराची माती त्यांच्या रिकाम्या घरात शिरली, आणि त्यानंतर ओढा होळीच्या आधीच आटला. गावानं आणखी वरची झाडं तोडायला घेतली. तिथवर जाऊन लाकूड आणणाऱ्यांना आता मधे एक मुक्काम करावा लागतो, आणि मुक्कामावर शेकायलाही ते झाडच तोडतात.

या गोष्टीचा बोध एका ओळीत मावतो: जे गाव उघड्या डोळ्यांनी बघितलेलं खरं लाजेखातर बोलत नाही, ते आपल्याच लेकरांचा श्वास आपल्याच हातांनी दाबतं.

पण एक गोष्ट राहिली. थंडी सरल्यावर वरच्या मेंढवाड्यातली मेंढरं खाली उतरली, तेव्हा त्यांच्याबरोबर पाटलाची सून आली. माहेरी गेली आहे असं ज्या सुनेबद्दल हिवाळाभर सांगितलं जात होतं, तीच. तिच्या पाठीच्या झोळीत तिचं तान्हं होतं, गुबगुबीत, लालचुटूक गालांचं, एकदाही न खोकलेलं. गिधाड गडग्यावरून उडालं त्याच संध्याकाळी पाटलानं त्या दोघांना वर पोचवलं होतं. पंचायत बसली ती दुसऱ्या दिवशी. हे सगळ्या गावानं बघितलं, आणि आजवर पाटलाला एकानंही विचारलेलं नाही.